मिशिगनचा नकाशा दोन तुकड्यांत का?

मिशिगनमधल्या माणसाला त्याचं गाव विचारलं की तो आधी हात पुढे करतो. उजवा पंजा स्वतःकडे वळवायचा, बोटं वर आणि एकमेकांना चिकटलेली, अंगठा उजवीकडे जरासा सुटा. झाला राज्याच्या दक्षिण भागाचा नकाशा तयार. मग दुसऱ्या हाताच्या बोटाने दाखवायचं: अंगठ्याच्या खाली, मनगटाच्या अलीकडे डेट्रॉइट. तळहाताच्या मध्याच्या जरा खाली राजधानी लान्सिंग. करंगळीच्या टोकाशी ट्रॅव्हर्स सिटी. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली फट म्हणजे सॅगिनॉचा उपसागर. अंगठ्याच्या भागाला तर तिथे सगळे ‘थंब’ असंच म्हणतात. उत्तरेचा भाग दाखवायचा असेल तर डावा पंजा आडवा करून उजव्याच्या वर धरतात, बोटं उजवीकडे. त्याचा वर आलेला अंगठा म्हणजे कीविनॉ हा भूभाग.

हे दोन हात एकमेकांना टेकवायचे नसतात, कारण मधे पाणी आहे. दोन मोठ्या द्वीपकल्पांचं मिळून झालेलं अमेरिकेतलं हे एकमेव राज्य. नकाशा थोडा वेळ बघत राहिलं की एक गोष्ट खटकते. उत्तरेचं द्वीपकल्प जमिनीने जोडलेलं आहे ते विस्कॉन्सिन या शेजारच्या राज्याला. मिशिगनच्या मुख्य भागाशी त्याची जमीन कुठेच जुळत नाही. मग ते विस्कॉन्सिनमध्ये का नाही? (तिथले लोक त्याला ‘यूपी’ म्हणतात. आपल्या डोळ्यांपुढे दुसरंच राज्य येईल, म्हणून इथे मी उत्तर द्वीपकल्प म्हणतो.) मिशिगन समजून घ्यायला मला हाच प्रश्न सगळ्यात चांगला वाटतो. त्याचं उत्तर शोधताना भूगोल, राजकारण आणि तिथल्या माणसांची ओळख अशा सगळ्याच गोष्टी वाटेत भेटतात.

सुरुवात पाण्यापासून करावी लागते. मिशिगनचं क्षेत्रफळ सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटर आहे, पण त्यातला चाळीस टक्क्यांहून जास्त भाग पाण्याखाली आहे. जमीन उरते साधारण १ लाख ४६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडी कमी. लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत एक कोटीच्या किंचित वर होती. उत्तर अमेरिकेतल्या पाच महासरोवरांपैकी सुपीरियर, मिशिगन, ह्यूरन आणि ईरी ही चार या राज्याला लागून आहेत. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असूनही बेटं धरून या राज्याला जवळपास ५,३०० किलोमीटरचा किनारा आहे. किनाऱ्यावर दीपगृहं आहेत, वाळूच्या टेकड्या आहेत, वादळात बुडालेल्या जहाजांच्या कहाण्याही आहेत. सरोवर म्हटल्यावर आपल्या मनात जे चित्र येतं त्याचा इथे उपयोग नाही. सुपीरियर सरोवर एकटंच ८२ हजार चौरस किलोमीटरचं आहे आणि सगळ्यात खोल जागी ४०० मीटरहून खोल आहे. किनाऱ्यावर उभं राहिलं तर पलीकडचा काठ दिसत नाही.

हे पाणी आलं हिमयुगातून. एक किलोमीटरहून जाड बर्फाचे थर हजारो वर्षं या प्रदेशावर पुढे-मागे सरकत राहिले. जिथे खडक मऊ होता तिथे तो खरवडला गेला, आणि बर्फ वितळू लागल्यावर त्या खोलगटांत पाणी साठलं. आज जगाच्या पृष्ठभागावरच्या गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा या पाच सरोवरांत आहे. यातली मिशिगन आणि ह्यूरन ही दोन सरोवरं एका अरुंद सामुद्रधुनीने जोडलेली आहेत आणि दोन्हींची पातळी एकच असते. पाण्याच्या अभ्यासकांच्या हिशेबाने ते मुळात एकच सरोवर आहे. ही जोडणारी सामुद्रधुनी म्हणजे मॅकिनॉ. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी ‘सी’ आहे, तो उच्चारत नाहीत. राज्याची दोन द्वीपकल्पं याच ठिकाणी एकमेकांसमोर येतात, त्यामुळे हे नाव पुढे परत परत येणार आहे.

सरोवरं इतकी मोठी असली की हवामानही तीच ठरवतात. वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो. हिवाळ्यात कोरडी, गोठलेली हवा सरोवराच्या त्यामानाने उबदार पाण्यावरून येताना वाफ उचलते आणि जमिनीवर पोचली की ती बर्फ होऊन कोसळते. कीविनॉमध्ये १९७८-७९च्या हिवाळ्यात एकूण जवळजवळ दहा मीटर बर्फ पडलं. तिथे हमरस्त्याच्या कडेला हे दाखवणारी उंचच उंच मोजपट्टी उभी केलेली आहे. खाली उभा राहिलेला माणूस तिच्यापुढे अगदी किरकोळ दिसतो. राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र मिशिगन सरोवर फळबागांना सांभाळतं. वसंतात पाणी अजून गार असल्यामुळे किनाऱ्यावरची झाडं घाईने फुलत नाहीत, आणि उशिराच्या थंडीत मोहोर जळण्याचा धोका कमी होतो. अमेरिकेतल्या आंबट चेरीचं बहुतांश पीक मिशिगनमधून येतं, आणि त्याचं मोठं केंद्र आपल्या नकाशातल्या करंगळीवर, ट्रॅव्हर्स सिटीच्या आसपास आहे.

या पाण्याकाठी पूर्वापार राहणारे लोक म्हणजे अनिशिनाबे. ओजिब्वे, ओडावा आणि पोटावाटॉमी हे त्यांचे तीन समाज. फ्रेंच धर्मप्रसारक आणि फरचे व्यापारी त्यांच्याच जलमार्गांनी आले. १६६८ साली सू सेंट मरी आणि १७०१ साली डेट्रॉइट, ही दोन्ही ठाणी पाण्याच्या चिंचोळ्या वाटांवर वसली. नंतर प्रदेश ब्रिटिशांकडे गेला आणि त्यांच्याकडून अमेरिकेकडे. १८३६ साली ओडावा आणि ओजिब्वे यांनी वॉशिंग्टनमध्ये झालेल्या करारानुसार प्रचंड मोठा भूभाग अमेरिकेच्या हवाली केला, पण शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क त्यांनी सोडला नाही. त्या कराराकडे शेवटी परत यायचं आहे.

आता मूळ प्रश्न. त्याचं उत्तर आहे एका चुकीच्या नकाशात आणि टोलीडो नावाच्या गावात.

१७८७ साली अमेरिकेच्या काँग्रेसने वायव्येकडच्या प्रदेशांसाठी कायदा केला. त्यात सांगितलेली सीमारेषा मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकापासून सरळ पूर्वेला जात होती. रेषेच्या दक्षिणेला एक राज्य आणि उत्तरेला दुसरं, इतकं हे सोपं. पण त्या काळच्या नकाशांत सरोवराचं दक्षिण टोक प्रत्यक्षात होतं त्यापेक्षा बरंच उत्तरेला दाखवलं होतं. नकाशावरच्या रेषेने ईरी सरोवरावरचा मॉमी नदीच्या मुखाचा भाग ओहायोकडे जायचा. जमिनीवर मोजून तीच रेषा काढली तर तो मिशिगनकडे यायचा. ओहायोच्या पुढाऱ्यांना याची शंका आधीच आली होती. म्हणून १८०२ साली आपली राज्यघटना लिहिताना त्यांनी एक कलम घालून ठेवलं, की रेषा कुठेही जावो, नदीचं मुख आमचंच. काँग्रेसने त्यावर स्पष्ट हो किंवा नाही म्हटलं नाही. १८०५ साली मिशिगनचा वेगळा प्रदेश केला तेव्हा मात्र जुन्याच कायद्यातली रेषा धरली.

दोन रेषांमध्ये सापडली ती सुमारे १,२०० चौरस किलोमीटरची पट्टी. पुढे ईरी कालवा १८२५ साली खुला झाला आणि सरोवरांच्या काठचा माल थेट न्यूयॉर्कला जाऊ लागला. मॉमीच्या मुखावरचं बंदर म्हणजे पैसा, हे दोन्ही बाजूंना कळलं. मिशिगनला तोवर राज्याचा दर्जा नव्हता, नुसता केंद्राच्या ताब्यातला प्रदेश होता. त्याने राज्य होण्यासाठी अर्ज केला, आणि ओहायोच्या खासदारांनी तो अडवून धरला: आधी पट्टी सोडा.

मिशिगनचा कारभार त्या वेळी स्टीव्हन्स मेसन या २३ वर्षांच्या तरुणाकडे होता. त्याने कायदाच करून टाकला, की या पट्टीत ओहायोच्या वतीने सरकारी काम करणाऱ्याला दंड आणि सक्तमजुरी. ओहायोचे गव्हर्नर रॉबर्ट ल्यूकस यांनी पट्टीत नवा जिल्हा स्थापन केला आणि त्याला स्वतःचं नाव दिलं. १८३५ साली दोन्हीकडून सशस्त्र माणसं निघाली. एप्रिलमध्ये मिशिगनच्या तुकडीने ओहायोच्या मोजणीदारांना गाठून काहींना पकडलं, काहींच्या डोक्यावरून गोळ्या झाडल्या. पण रक्त सांडलं ते एकदाच. जुलैमध्ये मिशिगनचे एक पोलीस अधिकारी टोलीडोत एका माणसाला अटक करायला गेले असताना झटापटीत त्यांना खिशातल्या चाकूने भोसकलं गेलं. ते वाचले. इतिहासात याला ‘टोलीडो युद्ध’ म्हणतात, आणि त्यात मेलं कोणीच नाही.

निकाल लागला तो मतांच्या गणितावर. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या पक्षापुढे १८३६ची निवडणूक होती. ओहायोला त्या निवडणुकीत मतं होती. इंडियाना आणि इलिनॉय यांनाही होती, आणि त्या दोघांच्या उत्तर सीमा त्याच जुन्या रेषेच्या वर सरकवलेल्या असल्यामुळे तेही ओहायोच्या बाजूने होते. मिशिगन राज्यच नसल्यामुळे त्याच्या मताची किंमत शून्य. जॅक्सन यांनी मेसनला पदावरून काढलं, मिशिगनच्या मतदारांनी त्यालाच परत गव्हर्नर म्हणून निवडून दिलं. शेवटी काँग्रेसने तोडगा काढला: पट्टी ओहायोला, आणि भरपाई म्हणून मिशिगनला उत्तर द्वीपकल्पाचा पश्चिमेकडचा मोठा भाग. पूर्वेचं टोक त्याच्याकडे आधीपासून होतंच. विस्कॉन्सिन अजून राज्य झालेलं नव्हतं, त्यामुळे ज्याच्या अंगणातून जमीन गेली त्याचं म्हणणं ऐकायला कोणी नव्हतं.

मिशिगनला हा सौदा मुळीच आवडला नाही. बर्फाळ, ओसाड, कोणाच्या कामाचं नाही असं रान गळ्यात मारलं, अशी तिथली भावना होती. सप्टेंबर १८३६मध्ये भरलेल्या पहिल्या सभेने तो साफ नाकारला. पण केंद्राच्या खजिन्यातली शिल्लक तेव्हा फक्त राज्यांना वाटली जाणार होती, आणि मिशिगनची तिजोरी रिकामी होत आली होती. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत अ‍ॅन आर्बरला दुसरी सभा भरली आणि तिने मान तुकवली. २६ जानेवारी १८३७ रोजी मिशिगन सव्विसावं राज्य झालं. (तारीख आपल्या चटकन लक्षात राहील अशी आहे.)

चारच वर्षांनी या सौद्याचा अर्थ पालटला. भूगर्भतज्ज्ञ डग्लस हॉटन यांनी १८४१ साली अहवाल दिला, की कीविनॉच्या खडकांत तांबं आहे, आणि तेही शुद्ध धातूच्या रूपात. स्थानिक लोकांना हे हजारो वर्षं ठाऊक होतं. ते या तांब्याची हत्यारं आणि दागिने करत आले होते. ऑन्टोनॅगन नदीकाठचा शुद्ध तांब्याचा एक धोंडा दीड टनाहून जड होता. १८४३ साली तो तिथून उचलून नेला, आणि आज तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. पाठोपाठ १८४४ साली जमीन मोजणाऱ्यांची होकायंत्रं वेडीवाकडी फिरू लागली आणि लोहखनिजाचा शोध लागला. पुढची चाळीस वर्षं मिशिगन तांब्याच्या उत्पादनात देशात पहिलं होतं.

खाणींमागून माणसं आली. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचे खाणकामगार आले, मग फिनलंडचे, इटलीचे, क्रोएशियाचे. कॉर्नवॉलच्या लोकांनी सोबत ‘पास्टी’ आणली: गोमांस, बटाटा, कांदा आणि सलगमसारखा रुटाबागा हा कंद भरलेली, करंजीसारखी मुडपलेली पण पंजाएवढी मोठी, भट्टीत भाजलेली. खाणीत नेता येते, पोट भरतं, ताट लागत नाही. फिनिश कामगारांनी ती उचलली आणि आज उत्तर द्वीपकल्पात रस्त्याकडेच्या दुकानांवर पास्टीच्या पाट्या दिसतात. फिनिश लोकांचा सौना, म्हणजे घाम काढून अंग शेकायची तापवलेली खोली, हाही तिथे घरोघरी रुजला.

या संपत्तीची किंमत कामगारांनी मोजली, हेही सांगायला हवं. १९१३ साली तांब्याच्या खाणींत मोठा संप झाला. नाताळच्या आदल्या दिवशी कॅल्युमेट गावात संपकऱ्यांच्या मुलांसाठी एका सभागृहात कार्यक्रम ठेवला होता. कोणीतरी ‘आग’ असं ओरडलं. आग नव्हतीच, पण जिन्यात चेंगराचेंगरी होऊन ७३ जण गेले, त्यातली बहुतेक लहान मुलं.

खनिज दक्षिणेत पोचवायचं तर एक अडचण होती. सुपीरियर सरोवराची पातळी ह्यूरनपेक्षा सहा मीटरहून जास्त उंच आहे, आणि मधल्या सेंट मेरीज नदीत खळखळाट. १८५५ साली सू सेंट मरीला त्यावर उपाय झाला. जहाज एका लांबलचक हौदात घ्यायचं, दोन्हीकडची दारं बंद करायची, हौदातलं पाणी कमी करायचं की जहाज हळूहळू खाली बसतं. मग पुढचं दार उघडायचं. वर जाताना उलट. पंप लागत नाही, पाणी स्वतःच्या उताराने येतं-जातं. आज तीनशे मीटर लांबीची मालवाहू जहाजं तिथून जातात, आणि लोक कठड्याशी उभे राहून ती पाहतात.

हे लोखंड आणि मिशिगनच्याच जंगलातलं लाकूड जिथे एकत्र आलं तिथे गाड्यांचा धंदा उभा राहिला. फ्लिंटमध्ये घोडागाड्यांचे कारखाने होते, डेट्रॉइटमध्ये जहाजांची इंजिनं बनत. हेन्री फोर्ड यांनी १९०८ साली मॉडेल टी काढली. १९१३ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर गाडी जोडायला सुरुवात झाली, आणि बारा तासांचं काम दीड तासावर आलं. १९१४ साली फोर्ड यांनी दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली आणि जगभरातून माणसं लोटली. दक्षिणेतल्या राज्यांतून वंशभेदाला कंटाळलेले लाखो काळे नागरिकही उत्तरेकडे निघाले होते, त्यातले अनेक इथे आले. अरब देशांतले लोक आले, त्यांचं डिअरबॉर्न हे शहर आज अमेरिकेतल्या अरब समाजाचं सगळ्यात ठळक ठिकाण आहे. पुण्या-पिंपरीच्या गाड्यांच्या कारखान्यांत तयार झालेले बरेच मराठी इंजिनियरही पुढे याच वाटेने ट्रॉय, नोव्हाय अशा उपनगरांत स्थिरावले, आणि डेट्रॉइटचं महाराष्ट्र मंडळ त्यांच्याच बळावर चालतं.

डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० साली साडेअठरा लाख होती. २०२० साली ती ६ लाख ४० हजारांच्या आत होती. कारखाने बाहेर गेले, गोरे रहिवासी उपनगरांत गेले, काळ्यांना मात्र घरं आणि कर्जं नाकारली गेली. १९६७च्या दंगलीत ४३ जण मेले, आणि २०१३ साली शहराने दिवाळखोरी जाहीर केली. पण पडक्या कारखान्यांचे फोटो पाहून मिशिगनबद्दल मत बनवणं अन्यायाचं आहे असं मला मनापासून वाटतं. डेट्रॉइट आजही जिवंत, बोलकं शहर आहे. आणि डेट्रॉइट म्हणजे संपूर्ण मिशिगन नव्हे. त्याचा भूगोलही मजेदार आहे: शहराच्या मध्यभागातून सरळ दक्षिणेला नदी ओलांडली की माणूस कॅनडात पोचतो.

उत्तर आणि दक्षिण जोडणारा रस्ता यायला मात्र १९५७ साल उजाडलं. तोवर मॅकिनॉची सामुद्रधुनी मोटारी वाहणाऱ्या फेरीबोटींनी ओलांडावी लागे, आणि नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम आला की धक्क्यावर मैलोन् मैल रांगा लागत. डेव्हिड स्टाइनमन यांनी आखलेला मॅकिनॉ पूल १ नोव्हेंबर १९५७ रोजी खुला झाला. लांबी आठ किलोमीटर, मधला झुलता गाळा ११५८ मीटरचा. बांधताना पाच कामगार गेले. वाऱ्याला वाट मिळावी म्हणून मधल्या मार्गिका भरीव न ठेवता लोखंडी जाळीच्या केल्या आहेत. गाडी त्यावर चढली की टायरचा सूर बदलतो, घुमल्यासारखा आवाज येऊ लागतो आणि जाळीतून खाली पाणी दिसतं. काही जणांचे हातपाय गळतात. त्यांच्यासाठी पुलाचे कर्मचारी स्वतः गाडी चालवून पलीकडे नेऊन देतात. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, कामगार दिनाला, हजारो लोक हा पूल पायी ओलांडतात.

पुलाने अंतर कमी झालं, वेगळेपण राहिलं. उत्तर द्वीपकल्पात राज्याची जवळपास तीस टक्के जमीन आणि जेमतेम तीन टक्के माणसं आहेत. ती स्वतःला अभिमानाने ‘यूपर’ म्हणवतात, आणि पुलाच्या ‘खाली’ राहणाऱ्या दक्षिणेकडच्यांना ‘ट्रोल’, म्हणजे गोष्टींतले पुलाखालचे राक्षस. पश्चिमेच्या चार जिल्ह्यांत घड्याळही एक तास मागे, विस्कॉन्सिनच्या वेळेनुसार चालतं. कधी कधी छापील नकाशांत उत्तर द्वीपकल्प विस्कॉन्सिनच्या रंगात रंगवलेलं असतं, नाही तर गाळलेलंच असतं, आणि मग यूपर मंडळी मनापासून चिडतात. वेगळं राज्य करावं, ही मागणीही अनेकदा झाली आहे.

दोन्ही तुकड्यांना समान असलेली गोष्ट पाणीच आहे, आणि आजचे मोठे वादही पाण्याचेच आहेत. २०१४ साली पैसे वाचवण्यासाठी फ्लिंट शहराचा पाणीपुरवठा बदलला. नदीच्या पाण्यावर योग्य प्रक्रिया न केल्यामुळे जुन्या नळांतलं शिसं लोकांच्या पेल्यात उतरलं. महासरोवरांनी वेढलेल्या राज्यात मुलांना बाटलीतल्या पाण्याने आंघोळ घालावी लागली, याचा राग मला आजही येतो.

दुसरा वाद थेट मॅकिनॉच्या तळाशी आहे. १९५३ साली, पूल होण्याच्याही आधी, एनब्रिज कंपनीच्या ‘लाइन ५’ या तेलवाहिनीचे दोन नळ इथे पाण्याखाली टाकले गेले. २०२० साली गव्हर्नर ग्रेचन व्हिटमर यांनी ते बंद करण्याचा आदेश दिला, आणि कंपनी न्यायालयात गेली. नळांऐवजी तळाखालून बोगदा काढण्याची तिची योजना २०१८ सालीच पुढे आली होती. ओजिब्वे आणि ओडावा समाजांचा याला ठाम विरोध आहे, आणि त्यांच्या हातात १८३६चा तोच करार आहे. त्यातला मासेमारीचा हक्क आजही लागू असल्याचा निकाल १९७९ साली न्यायालयाने दिलेला आहे. त्यांची भीती निराधार नाही. या सामुद्रधुनीत प्रवाह एकाच दिशेने वाहत नाही. काही दिवस तो पूर्वेला जातो, मग उलटून पश्चिमेला. तिथे नळ फुटला तर तेल एका सरोवरात थांबणार नाही, मिशिगन आणि ह्यूरन दोन्हींत जाईल.